अमेरिकेतील स्पेलिंग बी : नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत नुकत्याच आलेल्या एखाद्या मराठी घरातले दुसरी-तिसरीतले मूल दिसेल तो मजकूर वाचू लागते, दुकानांच्या पाट्यांवरील चुका दाखवू लागते, आणि मग शाळेतील बाई किंवा शेजारचे तेलुगू कुटुंब विचारते, ‘हिला स्पेलिंग बीमध्ये का घालत नाही?’ स्पेलिंग बी म्हणजे ऐकलेल्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग मंचावर तोंडी सांगण्याची मुलांची स्पर्धा. हा लेख असा प्रश्न प्रथमच ऐकणाऱ्या पालकांसाठी आहे. महाराष्ट्रात आपण स्कॉलरशिप आणि प्रज्ञाशोध परीक्षांच्या वातावरणात वाढलेलो असल्यामुळे अभ्यास कसा करून घ्यावा हे सांगावे लागत नाही; परंतु येथील स्पर्धेची रचना, तिचे वेळापत्रक आणि तिच्याभोवती उभे असलेले भारतीय समाजाचे जाळे या तिन्ही गोष्टी आपल्याला अपरिचित असतात, आणि त्या वेळेवर न कळल्यामुळे चांगली मुले एक-दोन वर्षे बाहेरच राहतात. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो : पहिल्या दोन वर्षांत महागडी शिकवणी लावण्यापेक्षा माणसे जोडणे अधिक उपयोगाचे ठरते.

स्पर्धा नेमकी कशी चालते

ज्या स्पर्धेला सर्वसाधारणपणे ‘नॅशनल स्पेलिंग बी’ म्हटले जाते तिची सुरुवात १९२५ साली केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने झाली आणि १९४१ पासून तिचे संयोजन स्क्रिप्स या माध्यमसमूहाकडे आहे. दुसऱ्या महायुद्धातील तीन वर्षे आणि २०२० हे महासाथीचे वर्ष वगळता ती दरवर्षी झालेली आहे. वर्ग, शाळा, जिल्हा किंवा काउंटी, प्रदेश आणि शेवटी राष्ट्रीय फेरी, अशी तिची चढण असते. शालेय पातळीवर एक कोटीहून अधिक मुले भाग घेतात असे संयोजक सांगतात. राष्ट्रीय मंचापर्यंत त्यांतील साधारण दोनशे चाळीस मुले पोहोचतात. आठवीच्या पुढे गेलेल्या मुलाला भाग घेता येत नाही आणि वयालाही मर्यादा आहे, त्यामुळे जे काही करायचे ते याच मर्यादेत करावे लागते.

भारतीय वंशाच्या मुलांपैकी सर्वप्रथम जिंकला तो १९८५ साली बालू नटराजन. १९९९ मध्ये नुपूर लाला जिंकली आणि त्यानंतर या स्पर्धेत भारतीय नावे वारंवार दिसू लागली. २००८ ते २०१८ या काळात तर प्रत्येक वर्षी विजेता किंवा सहविजेता भारतीय वंशाचाच होता. २०१९ मध्ये संयोजकांजवळील कठीण शब्दच अपुरे पडले आणि आठ मुलांना सहविजेते घोषित करावे लागले. त्यांच्यात टेक्सासमधील सोहम सुखटणकर हा मुलगाही होता. हा इतिहास सांगण्याचे कारण अभिमान नव्हे. या यशामागे काहीतरी जन्मजात असते असा समज दोन्ही बाजूंना आढळतो, आणि तो दूर केल्याशिवाय पुढील सूचनांचा उपयोग होणार नाही. या यशामागे अनेक घरांनी मिळून उभी केलेली व्यवस्था आहे, आणि नव्याने आलेल्या कुटुंबालाही तिच्यात प्रवेश मिळतो.

पहिले काम : शाळेची नोंदणी तपासा

मूल स्वतः राष्ट्रीय स्पर्धेसाठी नाव नोंदवू शकत नाही. त्याची शाळा त्या वर्षासाठी नोंदलेली असावी लागते. ही नोंदणी शरद ऋतूत, म्हणजे शाळा सुरू झाल्यानंतरच्या काही महिन्यांत होते. शालेय फेऱ्या बहुधा डिसेंबर-जानेवारीत आणि प्रादेशिक फेऱ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, तर राष्ट्रीय फेरी मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या आसपास भरते. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच शाळेच्या कार्यालयात किंवा वर्गशिक्षिकेला लेखी विचारावे : शाळा यंदा नोंदलेली आहे का, समन्वयक कोण आहेत आणि वर्गफेरी कधी आहे. आपल्याकडील सवयीप्रमाणे ‘शाळा कळवेलच’ असे गृहीत धरू नये. पुष्कळ शाळांत हे काम एकाच उत्साही शिक्षिकेवर अवलंबून असते आणि तिची बदली झाली की शाळेतील स्पर्धाही बंद पडते.

शाळा नोंदलेली नसेल तर तक्रारीच्या सुरात न बोलता मदतीचा प्रस्ताव घेऊन जावे. पालक-शिक्षक संघटनेने नोंदणीशुल्क भरावे, दोन पालकांनी संध्याकाळच्या आयोजनाची जबाबदारी घ्यावी, एकाने परीक्षक आणि एकाने वेळरक्षक व्हावे, असे ठोस स्वरूपात मांडले तर मुख्याध्यापक सहसा नकार देत नाहीत. घरी शिकणाऱ्या मुलांच्या गटांनाही नोंदणी करता येते.

त्यानंतर प्रादेशिक फेरी कोण भरवते हे शोधावे. पूर्वी हे काम मुख्यतः स्थानिक वृत्तपत्रे करीत. वृत्तपत्रांची आर्थिक स्थिती खालावल्यावर अनेक ठिकाणी ती मागे सरली आणि त्यांच्या जागी विद्यापीठे, ग्रंथालये, धर्मादाय संस्था आणि कंपन्यांचे निधी आले. २०२४ चा विजेता बृहत् सोमा याचा प्रायोजक फ्लोरिडातील एका व्यावसायिक बेसबॉल संघाचा धर्मादाय निधी होता. आपल्या भागात प्रायोजकच नसेल तर मुलाची वाट प्रादेशिक पातळीवरच अडते, आणि अशा वेळी पाच-सहा भारतीय संस्था एकत्र येऊन स्थानिक उद्योगाकडे गेल्या तर एकट्या पालकापेक्षा त्यांचे म्हणणे अधिक ऐकले जाते. एका मंडळाच्या नावाने गेलेल्या पत्रापेक्षा मराठी, तेलुगू, तमिळ, गुजराती मंडळे आणि शाळेची पालक संघटना यांच्या संयुक्त पत्राचे वजन वेगळे असते.

दुसरे काम : नॉर्थ साउथ फाउंडेशनच्या शाखेशी संपर्क

भारतीय कुटुंबांसाठी खरी तालीम जिथे होते ती जागा म्हणजे नॉर्थ साउथ फाउंडेशन. रत्नम चित्तुरी यांनी १९८९ मध्ये इलिनॉय राज्यात स्थापन केलेली ही ना-नफा संस्था संपूर्णपणे स्वयंसेवकांवर चालते, देशभर तिच्या शाखा आहेत आणि तिच्या स्पर्धांतून जमणाऱ्या पैशातून भारतातील गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. स्पेलिंगबरोबरच शब्दसंग्रह, गणित, भूगोल अशा स्पर्धाही ती घेते. स्पेलिंगसाठी लहान आणि मोठ्या मुलांचे वेगळे गट असल्यामुळे पहिली-दुसरीतल्या मुलाला एकदम आठवीच्या मुलासमोर उभे राहावे लागत नाही. शालेय स्पर्धेत मात्र हे सर्रास घडते. संस्थेच्या प्रादेशिक फेऱ्या बहुतांशी वसंत ऋतूत शनिवार-रविवारी होतात, एखाद्या शाळेत किंवा महाविद्यालयात दिवसभर मुलांची वर्दळ असते आणि बाहेर डबे उघडून बसलेल्या पालकांमध्ये पुस्तके, याद्या आणि शिकवणाऱ्यांची नावे यांची देवाणघेवाण चालू असते.

माझा आग्रह असा की पहिल्या वर्षी मुलाचे नाव नोंदवताना स्वतःचे नाव स्वयंसेवक म्हणूनही नोंदवावे. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या किंवा वेळ मोजणाऱ्या पालकाला एका दिवसात जे दिसते ते महिनाभर संगणकावर शोधूनही सापडत नाही : कोणती मुले कोणते प्रश्न विचारतात, परीक्षक कोठे कठोर असतात, हरलेल्या मुलाशी अनुभवी आई कशी बोलते. मुलांच्या दृष्टीनेही उच्चारक, म्हणजे शब्द उच्चारून देणारे काका, आणि चुकल्यावर घंटा वाजवणाऱ्या काकू ओळखीच्या झाल्या की मंचाची भीती अर्धी होते.

मराठी मंडळाचा उपयोग येथे वेगळ्या प्रकारे करता येतो. मंडळांकडे सभागृह, ध्वनिक्षेपक आणि गणेशोत्सव किंवा संक्रांतीला जमणारा श्रोतृवर्ग असतो. कार्यक्रमाच्या आधी तासभर लहानशी सराव स्पर्धा ठेवली तर मुलांना अनोळखी माणसांसमोर उभे राहण्याची सवय होते, आणि घरातल्या सोफ्यावर बरोबर येणारा शब्द मंचावर का चुकतो हे पालकांना प्रत्यक्ष दिसते. बक्षिसे द्यायचीच असतील तर ती सर्वांना सारखी द्यावीत. मंडळातील ईर्ष्या मुलांच्या गळ्यात बांधू नये.

तिसरे काम : शब्द कोठून आणि कोणत्या क्रमाने

स्पर्धेचा अधिकृत आधार मेरियम-वेबस्टरचा बृहत्कोश आहे. त्यात साडेचार लाखांहून अधिक नोंदी आहेत, हे आकडे ऐकून घाबरणारे पालक मुलाला थेट कोश वाचायला बसवतात. तसे करू नये. संयोजकांकडून शाळेच्या पातळीसाठी इयत्तेनुसार ४५० शब्दांची यादी मिळते आणि त्याहून पुढच्या तयारीसाठी तीन काठिण्यपातळ्यांत विभागलेली ४,००० शब्दांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते. पहिले वर्ष शालेय यादी आणि मोठ्या यादीची पहिली पातळी यांवरच खर्च करावे. ४,००० शब्द पक्के असलेले मूल बहुतेक प्रादेशिक फेऱ्यांत शेवटच्या काही जणांत असते. त्यापुढे मात्र यादीबाहेरचे शब्द येतात आणि तेथे निव्वळ पाठांतर अपुरे पडते.

पावकी-निमकी आणि मनाचे श्लोक पाठ करणाऱ्या घरांतून आलेल्या आपल्याला पाठांतराचा मोह पडतो. त्याचा उपयोग आहेच, पण इंग्रजी शब्दांच्या बाबतीत शब्द कोणत्या भाषेतून आला हे कळणे ही अर्धी लढाई असते. ग्रीकमधून आलेल्या शब्दात ‘फ’ हा ध्वनी पी-एच असा आणि ‘क’ हा ध्वनी बऱ्याचदा सी-एच असा लिहिला जातो. फ्रेंचमधून आलेल्या शब्दात तेच सी-एच ‘श’चे काम करते आणि शेवटचा ‘ओ’ ई-ए-यू असा येऊ शकतो. जर्मन शब्दात ‘श’साठी एस-सी-एच येते. २०२३ मध्ये देव शाह याला शेवटचा शब्द ‘सॅमोफाइल’ मिळाला, म्हणजे वाळूत वाढणारा जीव. त्याने ‘वाळू’ या अर्थाचे ग्रीक मूळ ओळखून त्याची खात्री करून घेतली. हे मूळ माहीत नसते तर सुरुवातीचा अनुच्चारित पी कोणालाही ऐकू आला नसता. म्हणून वहीचे विभाग वर्णानुक्रमे न करता भाषांनुसार करावेत : ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन, जपानी, अरबी, आणि अर्थातच भारतीय भाषा. या शेवटच्या विभागात आपली मुले फाजील आत्मविश्वासाने फसतात. कमरबंद या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग सी-यू-एम-एम-ई-आर-बी-यू-एन-डी असे आहे. ते जुन्या इंग्रज कानांनी ठरवलेले आहे, आपल्या लिप्यंतराच्या सवयीने नव्हे.

सर्वांत अवघड जागा म्हणजे आघात नसलेला, म्हणजे जोर न देता उच्चारलेला स्वर. कॅलेंडर, लॅव्हेंडर आणि डॉक्टर या तिन्ही शब्दांचा शेवट कानाला एकच वाटतो, पण पहिल्यात ए-आर, दुसऱ्यात ई-आर आणि तिसऱ्यात ओ-आर आहे. देवनागरी येणाऱ्या मुलाला ही अडचण चटकन समजावता येते : इंग्रजीत आपला ‘अ’ पाचही स्वराक्षरांच्या वेषात येतो आणि कोणता वेष हे मूळ भाषा किंवा शब्दाचे दुसरे रूप पाहून ठरवावे लागते. शब्दाचे भावंड शोधण्याची ही सवय लावली तर पुढची तयारी सोपी होते.

अर्थाकडे दुर्लक्ष करणे आता परवडत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय स्पर्धेत शब्दार्थाचे प्रश्न आले आणि २०२१ पासून ते मंचावर तोंडीही विचारले जातात. स्पेलिंग पाठ असलेले परंतु पुस्तके न वाचणारे मूल येथे बाद होते, आणि माझ्या मते हा बदल योग्यच आहे.

घरातील उच्चारक : सर्वांत नाजूक भाग

बहुतेक घरांत आई किंवा बाबा संध्याकाळी यादी हातात घेऊन शब्द विचारतात. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते की आपले उच्चार अमेरिकन उच्चारकाच्या उच्चारांपेक्षा वेगळे आहेत. व्ही आणि डब्ल्यू या दोन्ही अक्षरांसाठी आपण एकच ‘व’ वापरतो, टी आणि डी मूर्धन्य, म्हणजे आपल्या ‘ट’ आणि ‘ड’सारखे उच्चारतो, आणि आघात तर आपल्या बोलण्यात जवळपास नसतोच. मुलाला वर्षभर आपल्या उच्चारात शब्द ऐकण्याची सवय लागली तर स्पर्धेत तोच शब्द त्याला अनोळखी वाटतो. यावर उपाय सोपा आहे : प्रत्येक नवा शब्द प्रथम कोशाच्या ध्वनिमुद्रणातून ऐकवावा, आणि नंतरच घरी विचारावा. कोशातील उच्चारचिन्हे पालकांनीही शिकून घ्यावीत. दोन आठवड्यांत ती येतात. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्याकडून शब्द विचारून घ्यायला हरकत नाही, उलट वेगळा आवाज ऐकूनही शब्द ओळखण्याचा तो चांगला सराव आहे, पण मूळ ध्वनी आधी कानावर पडलेला असावा.

शाखेतील किंवा शाळेतील चार-पाच मुलांचा साप्ताहिक गट करून प्रत्येक आठवड्याला वेगळ्या घरातील पालकाने उच्चारक व्हावे, ही पद्धत मला सर्वांत परिणामकारक वाटते. तेलुगू, मराठी, पंजाबी आणि अमेरिकन अशा निरनिराळ्या आवाजांतून शब्द ऐकलेले मूल मंचावर कोणाच्याही उच्चाराने गडबडत नाही. राष्ट्रीय स्पर्धेचे मुख्य उच्चारक जॅक बेली हे स्वतः १९८० चे विजेते असून अभिजात भाषांचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या जुन्या फेऱ्यांची चित्रणे गटाने मिळून पाहिली तर प्रश्नोत्तरांची लय मुलांच्या अंगवळणी पडते.

मंचावर विचारायचे प्रश्न

स्पर्धकाला शब्द पुन्हा उच्चारायला सांगता येतो. अर्थ, शब्दाची जात, वाक्यातील उपयोग, मूळ भाषा आणि पर्यायी उच्चारही विचारता येतात. आपली मुले संकोचाने हे प्रश्न टाळतात, कारण घरात आणि पूर्वीच्या शाळेत त्यांना उत्तर लवकर देण्याचे कौतुक लाभलेले असते. सरावात नियमच करावा की सोपा शब्द असला तरी अर्थ आणि मूळ भाषा विचारल्याशिवाय सुरुवात करायची नाही. सारख्या उच्चाराचे दोन शब्द असतात तेव्हा हाच नियम वाचवतो. अक्षरे सांगायला सुरुवात केल्यावर थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगता येते, पण आधी सांगितलेली अक्षरे किंवा त्यांचा क्रम बदलता येत नाही. मोठे अक्षर किंवा स्वरावरील चिन्ह सांगण्याची आवश्यकता नसते.

शेवटच्या टप्प्यावर निकाल लागत नसेल तर ९० सेकंदांत जास्तीत जास्त शब्द सांगण्याची फेरी २०२१ पासून नियमांत आली. ती प्रथम वापरली गेली २०२२ मध्ये, आणि २०२४ मध्ये बृहत् सोमाने त्यात ३० पैकी २९ शब्द बरोबर सांगितले. स्थानिक पातळीवर या वेगाची गरज नसते. लहान मुलांना त्याचा सराव देऊन घाईची सवय लावू नये.

घंटा वाजल्यावर

चूक झाली की घंटा वाजते आणि मूल मंचावरून उतरते. राष्ट्रीय फेरीतसुद्धा एक किंवा फार तर काही मुले सोडून प्रत्येकासाठी ती वाजतेच, म्हणून तिची तयारी शब्दांइतकीच करावी. मूल खाली आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत शब्दाची चर्चा करू नये. पाणी, खाऊ, मित्र. शब्द त्याच रात्री वहीत लिहिला की पुरे.

परीक्षकांची चूक झाली आहे असे वाटल्यास पालकांना दाद मागता येते, पण त्याची मुदत फार थोडी असते : मूल स्पर्धेत टिकले असते तर त्याची पुढची पाळी ज्या वेळी आली असती त्यापूर्वीच हरकत नोंदवावी लागते. ही हरकत त्याच मुलाचे पालक किंवा शिक्षक घेऊ शकतात; दुसऱ्या मुलाच्या निकालावर बोलू नये. २०२२ मध्ये हरिणी लोगन हिला शब्दार्थाच्या फेरीत बाद ठरवले गेले होते. परीक्षकांनी फेरविचार करून तिला परत घेतले आणि पुढे तीच विजेती ठरली. तिचा तो राष्ट्रीय मंचावरील चौथा सहभाग होता. २०२५ चा विजेता फैझान झाकी २०१९ मध्ये सात वर्षांचा असताना प्रथम आला होता आणि २०२४ मध्ये उपविजेता होता. पहिल्या वर्षीच्या निकालावरून मुलाबद्दल मत बनवणाऱ्या नातेवाइकांना हे दोन दाखले सांगावेत.

आणखी एक अप्रिय बाब. भारतीय दिसणारे मूल जिंकले की ‘हे तर नेहमीचेच’ किंवा त्याहून वाईट शेरे वर्गात आणि समाजमाध्यमांवर येतात. मुलाचे छायाचित्र आणि शाळेचे नाव जाहीरपणे टाकण्यापूर्वी पालकांनी थांबून विचार करावा, आणि असे शेरे आले तर शिक्षकांना ताबडतोब कळवावे.

शिकवणी, खर्च आणि पुढचे

प्रादेशिक फेरीत पहिल्या पाच-दहांत येईपर्यंत खासगी शिकवणीची गरज नसते. त्यानंतर ती लावायची असल्यास पूर्वी राष्ट्रीय मंचावर गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी शोधावेत. शोभा आणि शौरव दासरी या भावंडांनी सुरू केलेल्या स्पेलपंडितसारख्या सशुल्क शब्दसंचांचा पर्यायही आहे. दोन-तीन कुटुंबांनी मिळून तास घेतला तर खर्च विभागला जातो आणि मुलांना सोबत मिळते. राष्ट्रीय फेरीला जाणाऱ्या मुलाच्या प्रवासाचा आणि निवासाचा भार प्रायोजक किती उचलतो हे प्रदेशागणिक वेगळे असते, म्हणून प्रादेशिक फेरीच्या आधीच लेखी विचारून घ्यावे. बाकी कुटुंबाचा खर्च स्वतःचा असतो.

मूल सातवीत गेले की त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे की हे शेवटून दुसरे वर्ष आहे आणि त्याला पुढे जायचे आहे का. काही मुले येथे थांबून गणिताकडे किंवा वादविवादाकडे वळतात, आणि त्यांना अडवू नये. आठवी संपल्यावर नॉर्थ साउथच्या शाखेत त्यांना स्वयंसेवक म्हणून काम करता येते. लहान गटाच्या स्पर्धेत मदतीला आलेला नववीतला माजी स्पर्धक पहिलीच्या मुलांना कोणत्याही काका-काकूंपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो, आणि शाखांना अशा मदतनीसांची गरज दर वसंतात असते. त्यासाठी नावे हिवाळ्यातच शाखेच्या समन्वयकांकडे द्यावीत.